उत्तर ध्रुवावर फोडलेला नारळ

“बर्फ! तलासरी तालुक्यात बर्फ! बाई, अंगात ताप आहे का तुमच्या?”

मुख्याध्यापक एवढ्या जोरात ओरडत होते की व्हरांड्यात पालथी घातलेली खिचडीची पातेली आपोआप सुलटी झाली. समोर बाई उभ्या. हातात वही, वहीत एक चित्र आणि चेहऱ्यावर सारवलेल्या भिंतीइतकेच भाव. मी कोपऱ्यात बसून उत्तरपत्रिका तपासत असल्याचं नाटक करत होतो. हे नाटक मी तीस वर्षं केलं. उंबरगावपासून वसईपर्यंत माझ्याइतकं ते कुणाला जमलेलं नाही.

२०१८ साल. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती आणि तालुका विज्ञान प्रदर्शनाचं परिपत्रक आलं होतं. शिक्षकांनीही स्वतः बनवलेलं एक शैक्षणिक साहित्य मांडावं, असं त्यात एक कलम असायचं. झरीच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेतून त्या कलमाखाली दरवर्षी एकच वस्तू जायची : ज्वालामुखी. कागदाच्या लगद्याचा, पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर, तोंडातून लाल फेस. दरवर्षी त्याच्यावर रंगाचा नवा हात मारायचा की झालं संशोधन. मी या शाळेत रुजू झालो तेव्हा तो टेकडीएवढा होता. रंग चढून चढून आता उचलायला चार माणसं लागत. आणखी दोन वर्षं गेली असती तर वनखात्याने त्याची मोजणी केली असती.

तर यंदा मुख्याध्यापकांना ज्वालामुखी पाहिजे होता, म्हणजे नेहमीचाच. आणि बाई म्हणत होत्या, मला आर्क्टिकचा बर्फ दाखवायचाय. तो कसा मोजतात आणि त्याच्यावर तिथली जनावरं कशी जगतात, ते.

या बाई शिक्षणसेविका. ज्यांना हे पद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन वर्षं मानधनावर राबायचं, कायम शिक्षकांना कमीपणाची वाटणारी सगळी कामं करायची, आणि शेवटी मुख्याध्यापकांनी अहवालात ‘काम समाधानकारक’ असं लिहिलं की मग माणसांत जमा व्हायचं. बाईंची तीन वर्षं येत्या जूनमध्ये संपत होती. मूळच्या डहाणूजवळच्या कैनाडच्या. बाप भाताची दोन खाचरं करून उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या चिकूच्या वाडीत रोजाने जाणारा. त्या घरात पगार नावाची वस्तू आणणार त्या पहिल्याच.

“नंबर आला नाही,” मुख्याध्यापक बोट नाचवत म्हणाले, “तर ‘समाधानकारक’ हा शब्द माझ्या पेनातून उतरणार नाही. सांगून ठेवतो.”

“बरं, सर,” बाई म्हणाल्या.

एवढंच. आमच्या मुख्याध्यापकांना ‘बरं’ची सवय नव्हती. त्यांना रडं लागायचं. रडं मिळालं नाही की त्यांचा दिवस वाया जाई. मग ते माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा हो यांना. तुम्ही पाहिलाय बर्फ.”

पाहिला होता. प्रवास-सवलतीवर सहकुटुंब मनालीला गेलो होतो, तेव्हा रस्त्याकडेला एक काळपट ढीग होता, त्याच्यावर याकची लेंडकं होती आणि शेजारी भाड्याचे गमबूट घातलेला मी. त्या एका ढिगाच्या जोरावर मी शाळेचा हिमतज्ज्ञ झालो. दरवर्षी माझ्या सांगण्यात तो ढीग वाढत गेला. २०१८पर्यंत मी तिथे कमरेइतक्या बर्फात दोन दिवस अडकलेलो होतो आणि एका अस्वलाला काठीने हाकललेलं होतं. त्यामुळे “मदत करतो मी बाईंना,” असं म्हणण्यावाचून मला गत्यंतरच उरलं नाही.

बाईंना माझ्या मदतीची किती गरज होती ते दुसऱ्याच दिवशी कळलं. मोबाइलचा डेटा तेव्हा नुकता पाण्यासारखा स्वस्त झाला होता. आम्ही बाकीचे त्या डेटावर सुप्रभातची फुलं एकमेकांना मारत होतो. या बाई शाळेच्या टाकीवर, जिथे दोन कांड्या रेंज येते तिथे, मधल्या सुट्टीत चढून बसायच्या आणि कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाचा फुकटचा अभ्यासक्रम बघायच्या. त्याच्या चार वह्या भरलेल्या.

“सर, उपग्रहाला वरून बर्फ किती पसरलाय ते दिसतं,” त्या मला समजावू लागल्या. मला! हिमतज्ज्ञाला! “पण आतले थर वरून नीट कळत नाहीत. त्यासाठी माणसाला जाऊन खड्डाच खणावा लागतो. एक बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ करायची आणि वरून खाली थर मोजायचे. प्रत्येक वादळाचा थर वेगळा. ठरावीक अंतरावर थर्मामीटर खुपसायचा. छोट्या डब्यात बर्फ घेऊन त्याचं वजन करायचं.”

“आणि कडकपणा?” मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. “त्याला मशीन असेल मोठं.”

“हात,” बाई म्हणाल्या. “आधी मूठ दाबून बघायची. मूठ गेली तर भुसभुशीत. नाही गेली तर चार बोटं. नाही तर एक बोट. मग पेन्सिल. पेन्सिलही नाही गेली तर सुरी.”

मी खो खो हसलो. म्हणजे एवढी विमानं, एवढे पिसांचे कोट, आणि पृथ्वीच्या टोकावर जाऊन हे विद्वान करतात काय, तर आमच्या डहाणूच्या बाजारात बायका पपई बघतात तेच!

खरा बर्फ पाहिजे म्हणून मी त्यांना झाईला घेऊन गेलो. तिथे बोटींना बर्फ पुरवणारा एक शेठ माझ्या ओळखीचा. म्हणजे मी त्याला ओळखत होतो. आम्ही बर्फाच्या चुऱ्याचं विचारल्यावर त्याने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. “मास्तर, निशाळमां, शाळेत, बरफ शुं करवानो? पोरांची मासळी करून मुंबईला पाठवता की काय?”

पण बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. पलीकडे एक मांगेलीण पापलेटं पेटीत भरत होती. एक थर चुरा, एक थर मासळी. नवा चुरा आला की ती आधी त्यात मूठ खुपसायची. एका टोपलीत मूठ गेली नाही, तशी तिने ती टोपली आणणाऱ्याच्या सात पिढ्यांना आंघोळ घातली.

“मावशी, मूठ कशाला घालून बघता?” बाईंनी विचारलं.

“शाळा शिकली ना गं तू?” मावशी म्हणाली. “मूठ गेली तर चुरा मऊ. त्यात मासळी निजते. वर पाणी पडून पापुद्रा धरला की तोच चुरा काचेसारखा होतो. पापलेटाची चांदी सगळी खरवडून जाते. मग घेतो कोण, तुझा मास्तर?”

बाईंनी तिथल्या तिथे वही काढली आणि लिहून घेतलं. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या शेजारी, त्याच पानावर. मला तर वाटलं, त्या शास्त्रज्ञांना विमानातून इकडे उतरवावं आणि मावशीच्या हाताखाली महिनाभर पेट्या भरायला लावाव्यात. निम्मे पळून गेले असते.

बाईंनी बनवलेली वस्तू मात्र बघण्यासारखी होती, हे माझ्यासारख्या जळक्या माणसालाही कबूल करावं लागतं. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याची युक्ती. बाहेर पत्र्याची मोठी पेटी, तिच्यात फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, म्हणजे गारठा शून्याच्याही खाली. आत दुसरी पेटी, एका बाजूला काच. तळाशी टाकीच्या भिंतीचं शेवाळ आणि गवत. त्यावर झाईचा चुरा, थरावर थर. अगदी खाली, गवत आणि चुऱ्याच्या मधल्या फटीत चिंचोके : ते लेमिंग, तिकडचे उंदीर. वर मातीचे चार बैल, डोक्याला बांबूच्या काड्यांची फाटे फुटलेली शिंगं : ते रेनडिअर. एक कोल्हा पांढरा, आणि एक ससाही पांढरा, पण तो बर्फ संपतो तिथे नुसत्या मातीवर बसवलेला.

“हा इथे कशाला तडफडतोय?” मी विचारलं.

“बर्फ लवकर वितळला, सर. याचा रंग अजून बदलला नाही. आता हा सगळ्यांना लांबून दिसतो.”

“आणि हे चिंचोके गारठून मरत नाहीत?”

“उलट. वर उणे तीस असलं तरी जमिनीलगत शून्याच्या जवळपास राहतं. बर्फ म्हणजे त्यांची गोधडी. त्यांचे बोगदे असतात खाली, तिथेच खातात, तिथेच पिल्लं होतात. कोल्हा वरून कान लावून ऐकतो आणि उडी मारतो. बर्फ कमी पडला की गोधडी विरते. उंदीर कमी, मग कोल्हेही कमी, घुबडंही कमी.”

मी मान हलवली. घरी जाऊन बायकोला हे सगळं मी मनालीत स्वतः पाहिलेलं म्हणून सांगितलं.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटेच मी झाईहून मासळीच्या टेम्पोत, भुशात पुरलेल्या बर्फाच्या लादीवर बसून तालुक्याच्या ठिकाणी पोचलो. अंगाला बोंबलाचा असा वास होता की प्रदर्शनाच्या दारातली तीन मांजरं शेवटपर्यंत माझ्यामागे होती. आमच्या मुख्याध्यापकांनी ओळखीपाळखी लावून आमचं टेबल दाराशीच, पहिलंच मिळवलं होतं. का, तर नारळ आपल्या टेबलापाशी फुटावा आणि फोटोत आपण यावं. या माणसाला फोटोत येण्याची इतकी हौस की दुसऱ्याच्या मयतालाही तो पुढच्या रांगेत उभा राहायचा.

आमच्या शेजारच्या टेबलावर ‘ध्रुव प्रदेश’ नावाचा थर्माकोलचा डोंगर. कापूस, चमकी, लुकलुकणारे निळे दिवे, आणि एक पांढरं अस्वल पेंग्विनशी हस्तांदोलन करतंय. एक राहतो पृथ्वीच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या. हस्तांदोलनासाठी त्या अस्वलाला अख्खी पृथ्वी तुडवत यावं लागलं असतं. आल्यावर त्याने हात मिळवला नसता, पेंग्विनच खाल्ला असता. पण परीक्षक तीन, आणि तिघेही त्या दिव्यांपुढे उभे राहून लग्नाच्या वरातीतल्या पोरांसारखे तोंड उघडून बघत होते. उद्घाटन व्हायच्या आधीच त्यांच्या गुणपत्रिका भरून झाल्या होत्या. मी डोकावून पाहिल्या.

प्रमुख पाहुणे म्हणजे तालुक्यातले एक पुढारी. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणायचे. दहाचे साहेब साडेबाराला आले. बाई तोवर तीनदा बाहेरच्या पेटीत बर्फ आणि मीठ भरून दमल्या होत्या. साहेब पुढे, पोट त्यांच्याही पुढे, मागे हार घेऊन धावणारे. नारळ फुटला. आता फुटलेल्या नारळाचं पाणी वाया घालवायचं नसतं. नवी गाडी असो, विहिरीवरची नवी मोटार असो, ते तिच्यावर शिंपडायचंच. साहेबांनी दोन्ही भकलं उचलली, इकडेतिकडे पाहिलं, समोर बाईंची पांढरीशुभ्र पेटी दिसली. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्या भक्तिभावाने सगळं पाणी त्या बर्फावर गोल गोल ओतलं.

आमचे मुख्याध्यापक टाळ्या वाजवत होते. फोटो निघत होता.

आत गारठा एवढा होता की पाणी क्षणात मुरलं आणि बघता बघता वर काच धरली. भुसभुशीत चुऱ्यावर एक चकचकीत, कडक पापुद्रा. चारही बैल त्यात खुरांपर्यंत गोठून बसले.

“अरे, हे काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“पाऊस पडला, साहेब,” बाई म्हणाल्या.

“कसला पाऊस?”

“तिकडे ऐन हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडतो कधी कधी. हल्ली जास्त पडतो. मग असंच होतं. हे रेनडिअर खुराने बर्फ उकरून खालचं शेवाळ खातात. आता उकरता येणार नाही.”

“मग काय खातात?”

“खात नाहीत. मरतात.”

आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा आधीच कोकमासारखा होता, तो आता कोकमाच्या काळपट आगळासारखा झाला. पाहुण्याच्या हातचं नारळपाणी आणि त्याने जनावरं मेली! ते माझ्याकडे असे बघू लागले की जणू म्हणत होते, अस्वल काठीने हाकललंत ना, आता हेही हाकला. मग मी पुढे सरसावलो.

“साहेब, बाई घाबरल्या आहेत,” मी म्हणालो. “मी स्वतः बर्फात राहिलेला माणूस. हा थर फार शुभ. शास्त्रज्ञ तिकडे महिनोन्‌महिने तंबू ठोकून याची वाट बघतात. याच्यावरून जनावरांना कशी पक्क्या सडकेसारखी वाट होते! तुम्ही एका नारळात ती करून दाखवलीत!”

साहेब खूश होऊन हसायला लागणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, “नाही सर. मरतात. कळपच्या कळप.”

हार धरलेले हात खाली आले. माझ्या मागची मांजरंसुद्धा बसली. मी मनात म्हटलं, गेली बिचारी. अहवाल गेला, नोकरी गेली, कैनाडला परत भात लावायला. एक मान हलवली असती तर काय बिघडत होतं? आम्ही आयुष्यभर मानाच हलवल्या, म्हणून आज कायम आहोत.

साहेबांनी बाहीची बटणं सोडली. मूठ आवळून बर्फावर दाबली. जाईना. एक बोट दाबलं. तेही जाईना. मग माझ्या खिशातली लाल पेन्सिल न विचारता काढून घेतली आणि टोचली. टोक मोडलं.

या माणसाकडे चाळीस म्हशी होत्या आणि गवताचा धंदा वडिलोपार्जित होता, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की ते काचेतून खालच्या हिरव्या गवताकडे बघतायत आणि पोट आत गेलंय.

“वास येतो त्यांना? खालच्या चाऱ्याचा?” त्यांनी विचारलं.

“येतो, साहेब. म्हणून तर खुर आपटत राहतात.”

“हं,” साहेब म्हणाले. बोट विजारीला पुसलं आणि पेंग्विनकडे गेले.

त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात आमच्या शाळेचे पुढचे तीन महिने गेले. पहिला नंबर अर्थातच अस्वल-पेंग्विन मैत्रीला. दुसरा एका ज्वालामुखीला, तो बघून आमचे मुख्याध्यापक जवळजवळ रडले. बाईंना उत्तेजनार्थसुद्धा नाही. कारण काय लिहिलं होतं? ‘टेबल ओले.’

“साहेबांचा अपमान केला तिने,” मुख्याध्यापक शाळेत येताच गरजले. “‘हं’ म्हणाले ते! एवढा मोठा माणूस ‘हं’ कधी म्हणतो? अहवालात मी एक अक्षर लिहिणार नाही.”

आणि खरंच लिहिलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. अहवालाचा कागद त्यांच्या टेबलाच्या खणात, त्यावर एकच जागा कोरी. बाई रोज येत, पोषण आहाराची नोंद करत, माझ्या वर्गाचे पेपरही तपासून देत, आणि त्या खणाकडे एकदाही बघत नसत. एकदा मात्र मी त्यांना घरी फोनवर बोलताना ऐकलं. “नाही बाबा, अजून कळलं नाही. तुम्ही वाडीतलं काम सोडू नका.”

मला राहवलं नाही. मी मुळात चांगला माणूस नाही, पण खोटं बोलायची आयती संधी मिळाली तर ती मी सोडत नाही. मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ओणवून म्हणालो, “सर, तुम्हाला सांगायचं राहिलं. साहेबांनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘या बाई कायम कधी होणार?’”

“थापा मारू नका.”

“बरं. मग स्वतः येऊन विचारतील. मला काय.”

त्यांनी मला हाकललं. पण त्या दिवसापासून रस्त्यावर इंजिन वाजलं की त्यांचा चहा बशीत सांडायला लागला.

आणि मार्चमध्ये, भर दुपारी, साहेबांची पांढरी गाडी शाळेच्या फाटकातून सरळ आत आली. साहेब स्वतः खाली उतरले. मी खिडकीतून पाहिलं. तीस वर्षांत माझी एकही थाप अशी पायांनी चालत माझ्यासमोर आलेली नव्हती. मुख्याध्यापकांनी खण एवढ्या जोरात ओढला की तो मांडीवर पडला. साहेब पायऱ्यांपाशी पोचायच्या आत कोऱ्या जागी ‘समाधानकारक’ लिहून झालं होतं, सही झाली होती, शिक्का उलटा मारला गेला म्हणून परत सुलटा मारून झाला होता. मग ते हात जोडून बाहेर धावले. बाहेर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पाच-सात मिनिटांत गाडी धूळ उडवत निघूनही गेली. मुख्याध्यापक आत आले, घाम पुसला आणि तो कागद शिपायाच्या हातात देऊन त्याच दुपारी तालुक्याला पाठवला. परत विचार बदलायला नको म्हणून मी शिपायाला माझी मोटारसायकल दिली.

बाई मागच्या नळापाशी ओल्या हातांनी उभ्या होत्या. मी छाती काढून गेलो.

“बाई, पेढे काढा! सही झाली, शिक्का झाला, कागद गेला. जूनपासून तुम्ही कायम. आणि कुणामुळे? या म्हाताऱ्यामुळे! मी साहेबांच्या कानावर घातलं होतं. एवढा मोठा माणूस, पण खास तुमच्यासाठी वाकडी वाट करून आला की नाही?”

बाईंनी पदराला हात पुसले.

“गाडी तापली होती त्यांची, सर. पाण्याची बादली मीच दिली.”